कोऱ्या पांढऱ्यातली नक्षी

जपानी चित्रकार चिकानोबूच्या ‘चियोदा नो ओओकू’ या लाकडी ठशांनी छापलेल्या मालिकेतलं एक त्रिपट, म्हणजे तीन पानांवर मिळून पुरं होणारं चित्र, आमच्या संवर्धन प्रयोगशाळेत आलं. चेरीचा बहार बघायला निघालेल्या, शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, अंतःपुरातल्या स्त्रिया. सोबतच्या चिठ्ठीत मागणी होती: धुऊन, सपाट करून द्यावं. कागद धुतला की उजळतो, एवढंच प्रदर्शन विभागाला ठाऊक असतं.

ही मालिका १८९० च्या दशकातली. मेजी काळात (१८६८–१९१२) छापणाऱ्यांच्या हाती युरोपातून आलेले ॲनिलिन, म्हणजे कृत्रिम रासायनिक, रंग होते, आणि त्यातला लाल नि जांभळा पाणी लागताच पसरतो. किमोनोच्या कडेला सुईच्या टोकाएवढा ओलावा टेकवला, तर टीपकागदावर गुलाबी ठिपका उतरला. धुण्याचा विषय तिथेच संपला.

मग दिवा टेबलाच्या पातळीवर आणून तिरपा उजेड टाकला. उजव्या पानावर एका बाईचं पांढरं वस्त्र आहे, ज्याला आमच्या नोंदीत ‘कोरं’ म्हटलं होतं. त्यावर विणीची अख्खी नक्षी उठून आली. याला काराझुरी म्हणतात. ठशाला रंग लावायचाच नाही. तुतीवर्गातल्या झाडाच्या सालीपासून बनवलेला ओलसर कोझो कागद त्यावर ठेवून मागून दाब द्यायचा, की कोरीवकाम कागदाच्या अंगातच उमटतं. त्यासाठी कोरणाऱ्याने आणि छापणाऱ्याने घेतलेले कष्ट समोरून पडणाऱ्या प्रकाशात दिसतच नाहीत, आणि संग्रहालयं प्रकाश समोरूनच टाकतात. डावं पानही असंच जिवंत होतं. मधलं मात्र गुळगुळीत. कुणीतरी ते पुठ्ठ्यावर डकवून, दाबून टाकलं होतं.

तोडगा सुचवला गेला: बाकीची दोन पानंही दाबा, म्हणजे तिन्ही सारखी दिसतील. मी साफ नकार दिला. अजूनही त्या सूचनेचा राग येतो.

चिकानोबू मूळचा सामुराई. १८६८ साली उएनोच्या लढाईत तो तोकुगावा या शोगुन घराण्याच्या बाजूने लढला, पुढे हाकोदातेलाही. ज्या घराण्यासाठी त्याने शस्त्र धरलं, त्याच्या अंतःपुराची चित्रं त्या घराण्याच्या राजवटीत उघडपणे छापताच आली नसती. राज्य बुडाल्यावरच ती निघाली. अशा माणसाच्या चित्रातलं वस्त्र सोयीसाठी सपाट करायचं?

पुठ्ठा आम्लयुक्त आहे, म्हणून तो काढणं भागच होतं. पान पालथं घालून स्कॅल्पेलने एकेक थर कोरडाच सोलत गेले. शेवटच्या पातळ थराशी थांबले, कारण त्याखालची खळ ओलाव्याशिवाय सुटत नाही. सहकारी म्हणते, राहिलेला थर कागद पिवळा करत राहील. तिचं बरोबर आहे. पण ओलावा दिला तर लाल रंग हलेल, आणि मधल्या पानावर नक्षीची जी पुसट कड उरली आहे तीही जाईल.

प्रदर्शनात तिन्ही पानं ५० लक्स या मंद प्रकाशपातळीच्या आत, एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून लावावीत, असं मी लेखी दिलं आहे. उत्तर आलेलं नाही. आणि रंग न हलवता ती खळ सोडवण्याचा मार्ग सापडेपर्यंत मधल्या पानाला पाणी लावायला मी कुणालाही परवानगी देणार नाही.