सागवानी झालर, महाल भाग, नागपूर: कामाची नोंद 3

झालर म्हणजे छपराच्या कडेला लावलेल्या नक्षीदार फळ्या. त्यांतल्या 11 पैकी 7 दुरुस्त होऊन तयार झाल्या. प्रत्येक फळी 6 फूट लांब, 8 इंच रुंद, 1 इंच जाड, खालच्या कडेला कोरीव नक्षी. पूर्वेच्या फळ्या नुसत्या करड्या पडल्या होत्या. राहिलेल्या 4 पश्चिमेच्या, आणि त्या टोकांना कुजल्या आहेत. मे महिन्यातलं दुपारचं ऊन आणि पावसाची झड, दोन्ही त्याच बाजूनं येतात.

करडेपणा दिसतो तेवढा खोल नसतो. उन्हानं लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, तुटतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर सैल तंतू उरतात. खालचा साग ठणठणीत असतो, म्हणून रंधा लावू नये; नक्षीच्या कडा जातात. जुना रंग पाणी मारत ओलाच खरवडायचा. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं आहे असंच धरून चालावं, कोरडं घासू नये.

खिळे पुढून उपटले की लाकडाची ढलपी निघते. फळी उतरवून मागच्या बाजूनं पकडीनं ओढून काढावेत. खिळ्याभोवतीचे काळे डाग म्हणजे लोखंड आणि सागातलं टॅनिन हे तुरट द्रव्य यांची प्रक्रिया. 1 लिटर कोमट पाण्यात 60 ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, प्लास्टिकच्या बादलीत, हातमोजे आणि चष्मा घालूनच. हे डागांवर लावून 20 मिनिटांनी स्वच्छ पाण्यानं तीनदा धुवा. धुणं कमी पडलं तर वाळल्यावर बारीक स्फटिक राहतात आणि घासताना नाकाला झोंबतात. मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर 120. त्यापुढे जाऊ नये, गुळगुळीत सागात तेल मुरत नाही.

आता कुजलेली टोकं. दाभण सहज आत जाते तिथपर्यंतच नव्हे, त्यापुढे आणखी 2 इंच कापायचं. सांधा तिरपा, 1 ला 8 या उतारानं, म्हणजे इंचभर जाडीला 8 इंच लांब. जोडाला नवा साग वापरू नका. लकडगंजच्या टिंबर मार्केटमध्ये जुन्या घरांतून उतरवलेला साग शोधा. त्याचे रेषे दाट असतात, जोड एका चालीनं फुगतो-आटतो. सागाला स्वतःचं तेल असतं, म्हणून चिकटवायच्या दोन्ही बाजू ताज्या रंधून अ‍ॅसिटोननं पुसायच्या आणि लगेच जलरोधक गोंद लावायचा. रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवायचं.

खालच्या कडेला मागून उतार दिलाय, म्हणजे थेंब पुढच्या धारेवरून सुटतो. दोन फळ्यांत 3 मिलिमीटर फट. मूळ कामात त्या घट्ट भिडवल्या होत्या, पाणी तिथंच अडकून टोकं कुजली. बसवताना पितळी स्क्रू. आधी छिद्र पाडून त्यात तेवढाच पोलादी स्क्रू फिरवून काढायचा, मग पितळी. नाहीतर त्याची मान तुटते.

पारदर्शक व्हार्निश बाहेर अजिबात नको. ऊन त्यातून आरपार जातं, खालचं लाकूड सैल होतं आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो. इथे उकळलेलं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात, लिटरला 50 ग्रॅम रेड ऑक्साइड पावडर. रंगद्रव्य ऊन अडवतं. त्याऐवजी बाजारातला गेरू नको, त्यात माती येते, ब्रशखाली खरखरतं. अर्ध्या तासानं वरचं तेल पुसून टाकायचं, राहिलं तर चिकट होऊन धूळ आणि बुरशी धरतं. असे तीन हात, प्रत्येकामध्ये दोन-तीन दिवस. कापलेल्या टोकांना मात्र पिणं थांबेपर्यंत तेल.

तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, गठ्ठा आपोआप पेट घेतो. त्या पाण्याच्या डब्यात बुडवून झाकण लावायचं, किंवा बाहेर एकेक पसरून वाळवायच्या.