तुम्ही विचारलंत म्हणून: किती हर्ट्झचा घेऊ?

"दादा, मॉनिटर एकशे चव्वेचाळीस हर्ट्झचा घेऊ की दोनशे चाळीसचा?"

महिन्यातून एकदा तरी हा फोन येतोच. (हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा.) विचारणारा बहुतेक वेळा दुकानातच उभा असतो आणि मागून दुकानदाराचा आवाज ऐकू येत असतो. मी हार्डवेअरवाला नाही. डोंबिवलीत घरी बसून पुस्तकांची पानं लावतो, प्रुफं बघतो. दिवसाचे नऊ-दहा तास त्यात जातात, आणि रात्री पोरं झोपली की तासभर काउंटर-स्ट्राइक, हा नेमबाजीचा खेळ. दोन्ही एकाच पडद्यावर. एवढ्या भांडवलावर लोक मला विचारतात आणि मीही सांगतो.

पण आधी माझी फजिती ऐका, म्हणजे सल्ला किती मनावर घ्यायचा ते ठरवता येईल.

माझा पहिला १४४ हर्ट्झचा मॉनिटर मी लॅमिंग्टन रोडवरून आणला. ग्रँट रोडहून स्लो, दादरला बदल, मग मालडब्यात मासळीच्या पाट्यांशेजारी ते भलंमोठं खोकं पायांत धरून डोंबिवलीपर्यंत. घरी आल्यावर जुन्या मॉनिटरची, संगणकातून चित्र नेणारी एचडीएमआय केबल होती तीच लावली, चित्र आलं, झालं. सात महिने मी येईल त्याला सांगत होतो, "फरक कळतो हं, एकदम लोण्यासारखं." दिवाळीत भाचा आला. त्याने माउस हातात घेतला, बाण पडद्यावर दोनदा गोल फिरवला आणि म्हणाला, "मामा, तुझा हा साठवर चाललाय."

"कशावरून?"

"बाण तुटक दिसतोय बघ. आणि सेटिंगमध्ये पण साठच आहे."

सेटिंगमधली यादी साठलाच संपत होती. माळ्यावरून खोकं काढलं, तर मॉनिटरबरोबर आलेली डिस्प्लेपोर्टची केबल, म्हणजे चित्र नेणारीच पण दुसऱ्या जातीची, प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच. ती लावल्यावर यादीत १४४ उगवलं. मग खरोखरच फरक कळला. सात महिने जो कळत होता तो कसला होता, हे भाच्याने विचारलं नाही, ही त्याची सभ्यता.

तेव्हा घरात आधीच असा मॉनिटर असेल, तर नवा घेण्याआधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले आणि तळाशी ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन आकडा बघा. बऱ्याच घरांत तिथे साठच असतं. विंडोज आपणहून तो वाढवेलच असं नाही.

आता मूळ प्रश्न. साठला एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ ला सुमारे ६.९, २४० ला ४.२, ३६० ला २.८. ही वजाबाकी दुकानात उभं राहून करा. साठवरून १४४ वर गेलात तर प्रत्येक चित्रामागे जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात. तिथून २४० वर गेलात तर तीनसुद्धा नाहीत. पुढे ३६० ला दीडसुद्धा नाही. आकडे ऐटीत वाढत जातात आणि पदरात पडणारं मात्र दर पायरीला आटत जातं. पहिली उडी माझ्या सासऱ्यांनासुद्धा दिसली, ते फक्त पेपर वाचायला बसतात तरी. स्क्रोल करताना अक्षरं वाचता येतात, एवढंच ते म्हणाले. दुसरी उडी स्पर्धेत उतरणाऱ्या पोरांसाठी आहे. ती उपयोगाची नाही असं नाही, पण तुमच्या-माझ्यासारख्यांचं नेमबाजीतलं दुखणं त्या तीन मिलिसेकंदांत नसतं.

आमच्या पिढीला यातली एक गंमत आठवत असेल. सायबर कॅफेत वीस रुपये तासाने खेळायचो तेव्हा समोर काचेचे, पोटफुगे सीआरटी मॉनिटर असायचे. ते साठवर ठेवले की डोळ्यांपुढे फडफडायचे, म्हणून जाणकार पोरगा बसल्याबसल्या आधी ८५ करून घ्यायचा. मग चपटे एलसीडी आले, टेबलावर जागा झाली, वीजबिल उतरलं आणि आपण सगळे निमूटपणे साठवर आलो. एलसीडी तसा फडफडत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षातच आलं नाही. १२० हर्ट्झचे एलसीडी मॉनिटर २००९च्या सुमारास आले, तेही आधी थ्रीडी चष्म्यांसाठी. म्हणजे आज जे 'गेमिंग' म्हणून विकतात त्यातलं थोडंफार आपण एकदा वापरून सोडलेलं आहे.

थोडक्यात, १४४ ते १८० मधलं काहीही घ्या. १६५ आणि १८० मध्ये अडकू नका, तो फरक डब्यावरच दिसतो. एवढं ठरलं की हर्ट्झ विसरा, कारण खरी गोची पुढे आहे, आणि ती कोणी विचारत नाही.

ती म्हणजे अक्षरं.

बरेच जण २७ इंची मॉनिटर घेतात आणि तोही फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० चा. मोठा दिसतो, स्वस्त पडतो, हर्ट्झही भरपूर. पण त्यात एका इंचात जेमतेम ८२ ठिपके बसतात. इंग्रजी अक्षर त्यात कसंबसं निभावतं. मराठी नाही निभावत. आपल्या ओळीला वर मजला आहे आणि खाली तळघर. वर रफार, अनुस्वार, वेलांटी, खाली उकार, ऋकार, रकार. अकरा-बारा पॉइंटच्या मजकुरात 'कृपा'तला ऋकार आणि 'कुशल'मधला उकार हा दोन-तीन ठिपक्यांचा फरक असतो. मी एकदा अशा मॉनिटरवर, मित्राच्या घरी, एक आख्खा लेख तपासला. घरी येऊन आपल्या पडद्यावर उघडला तर 'द्ध'च्या जागी 'ध्द' चार ठिकाणी, आणि 'पर्यंत'वरचा अनुस्वार दोनदा बेपत्ता. तिथे रफार आणि अनुस्वार मिळून एकच काळा डाग दिसत होता, आणि मी त्या डागाला बरोबर म्हणून पुढे गेलो होतो.

२४ इंचांत फुल एचडी घेतला तर इंचाला ९२ ठिपके येतात, ते चालतं. २७ इंच हवा असेल तर क्यूएचडी घ्या, २५६० बाय १४४० चा, त्यात १०९ येतात. हा माझ्या मते आजचा सगळ्यात शहाणा सौदा आहे, खेळालाही आणि पोटापाण्यालाही. एक्सेलमध्ये दोन-चार रकाने जास्त दिसतात, बाजूबाजूला दोन पानं मावतात. आणि तुम्ही मुळीच खेळत नसाल, सगळं काम मजकुराचंच असेल, तर २७ इंची फोरके, म्हणजे ३८४० बाय २१६० चा, अगदी साठ हर्ट्झचा असला तरी, फुल एचडीच्या २४० हर्ट्झपेक्षा डोळ्यांना सुखाचा. त्यात इंचाला १६३ ठिपके आहेत. छापल्यासारखं दिसतं. मी तो घेतला नाही याचं कारण काउंटर-स्ट्राइक, हे प्रामाणिकपणे सांगतो.

पॅनेलचं, म्हणजे पडद्याच्या आतल्या जातीचं, लवकर उरकतो. आयपीएस, व्हीए, टीएन आणि ओलेड अशा त्या जाती. आयपीएस घ्या. व्हीएमध्ये काळा रंग जास्त काळा असतो, अंधाऱ्या खोलीत सिनेमाला छान, पण काळ्या-करड्या जागी वस्तू हलली की मागे शाईचा ओघळ सुटल्यासारखं दिसतं. स्वस्त व्हीएमध्ये काळी अक्षरं स्क्रोल करतानाही ते जाणवतं. टीएन आता कोणाला सुचवू नये. ओलेडबद्दल हल्ली पैसेवाले मित्र विचारतात. चित्र देखणं, चपळाईत त्याचा हात कोणी धरणार नाही. पण माझ्या पडद्यावर तोच टास्कबार, तोच मेनू, तीच पट्टी रोज दहा तास जागची हलत नाही, आणि ओलेडवर अशा स्थिर गोष्टींची कायमची सावली उमटायची भीती असते. शिवाय अनेक ओलेड पॅनेलांत ठिपक्यांची मांडणी वेगळी असल्याने अक्षरांच्या कडेला रंगाची झालर दिसते. खेळण्यापुरता घेताय तर घ्या. प्रुफं आणि जीएसटीची विवरणपत्रं बघायला नको.

डब्यावर "१ मिलिसेकंद" असं ठळक लिहिलेलं असतं. तो ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळ. तो आकडा सगळ्यात अनुकूल परिस्थितीतला असतो, कधी ओव्हरड्राइव्ह शेवटच्या टोकाला नेऊन मोजलेला. मॉनिटरच्या मेनूत ओव्हरड्राइव्ह नावाची, हा रंगबदल लवकर करवणारी सोय असते, तिला कंपनीगणिक वेगळं नाव. ती टोकाला नेली की हलत्या वस्तूच्या मागे उलटी, फिकट सावली पळायला लागते. मधल्या पायरीवर ठेवा. "एचडीआर ४००" (एचडीआर म्हणजे उजेड आणि अंधार यांतला फरक जास्त दाखवणारं चित्र) लिहिलेलं असेल तर त्याचे वेगळे पैसे देऊ नका, तेवढ्या उजेडात एचडीआरचं नावच असतं.

आता ग्राफिक्स कार्ड. पडदा सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकतो, पण ती काढणारं कोणीतरी हवं ना. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारखे खेळ मध्यम कार्डावरही सेकंदाला दीडशेच्या पुढे जातात. सायबरपंक २०७७ सारखा जड खेळ त्याच कार्डावर साठ-सत्तरला धापा टाकतो. क्यूएचडीमध्ये फुल एचडीच्या पावणेदोनपट ठिपके रंगवायचे असतात, तेही धरा. अशा वेळी उपयोगी पडतं ते ॲडॅप्टिव्ह सिंक. कार्ड चित्र देईल तेव्हाच पडदा बदलतो, मधूनच चित्र आडवं फाटल्यासारखं दिसत नाही. कार्डं बनवणाऱ्या दोन कंपन्यांची, एएमडीचं फ्रीसिंक आणि एनव्हिडियाचं जी-सिंक, ही त्याची रूपं एकमेकांशी बोलत नसत, तेव्हा कार्ड बघून मॉनिटर घ्यावा लागे. जानेवारी २०१९मध्ये एनव्हिडियाने आपली कार्डं साध्या ॲडॅप्टिव्ह सिंक मॉनिटरवरही चालू दिली, तेव्हापासून ती कटकट बरीच मिटली. मेनूत ते चालू केलंय ना, एवढं बघा. तेही बंदच असतं पुष्कळदा.

सिनेमाचा एक छोटा हिशेब मला आवडतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. साठला चोविसाने भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा आणि पुढचं दोनदा दाखवावं लागतं, आणि कॅमेरा संथ सरकताना किंचित अडखळल्यासारखं होतं. १४४ ला चोविसाने बरोबर भाग जातो, प्रत्येक चित्र सहा वेळा.

ऑफिसच्या लॅपटॉपला मॉनिटर जोडणाऱ्यांनी मात्र घाई करू नये. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाने क्यूएचडी १६५ हर्ट्झचा मॉनिटर आणला आणि जुन्या लॅपटॉपच्या एचडीएमआयला जोडला. साठच्या वर जाईना. तो दुकानदाराशी भांडायला निघाला होता. मॉनिटर चांगला होता, लॅपटॉपचं तोंड लहान होतं. एचडीएमआयच्या १.४ या जुन्या आवृत्तीत तेवढा माल जातच नाही. २.० असेल तर क्यूएचडीला १४४ पर्यंत जातं. फोरकेला १२० हवं असेल तर २.१ लागतं, नाहीतर डिस्प्लेपोर्ट १.४. त्याच्या नशिबाने त्या लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत होतं. सगळ्याच टाइप-सीमधून पडत नाही, काही नुसती चार्जिंगची आणि डेटाची असतात. टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी केबल आणली आणि भांडण मिटलं. म्हणून मॉनिटर बघायला जाण्याआधी आपल्या मशीनला कुठली भोकं आहेत ते बघून, फोटो काढून न्या.

"हर्ट्झ जास्त असले की डोळे कमी दुखतात का?" हे विचारणारे बहुधा चाळिशीचे असतात. माझे नाही कमी झाले. माझे कमी झाले ते उजेड उतरवल्यावर. मॉनिटर खोक्यातून निघतो तेव्हा दुकानात चमकावा असा भगभगीत असतो. मी माझा तिशीवर आणला, खिडकी पाठीमागे होती ती टेबल फिरवून बाजूला घेतली. आणि मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणली. स्टँड वर-खाली होणारा असेल तर त्याचे पाचशे-हजार जास्त द्या. माझा होत नाही. त्याच्याखाली तीन जुने दिवाळी अंक आहेत, आणि दर वर्षी बायकोला त्यातलाच एखादा वाचायचा असतो.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी पडदा पूर्ण काळा, पूर्ण पांढरा, मग लाल-हिरवा-निळा करून मेलेले ठिपके बघून घ्या. परत करायची मुदत थोडी असते आणि एखाद-दुसरा ठिपका कंपन्या दोष म्हणून धरतही नाहीत. खोक्यातून सहजी न सुटणारं ते थर्माकोल फाडू नका, सावकाश काढा. वॉरंटीत न्यायची वेळ आली तर त्याशिवाय लोकलमधून मॉनिटर नेणार कसा? खोकं माळ्यावर टाका, पण टाकण्याआधी तळाशी हात घालून बघा. केबल तिथे असते.