पॅकमधले सेल जोडण्यापूर्वी प्रवाहाची वाट आखावी

इलेक्ट्रिक सायकलीसाठी किंवा घरगुती इन्व्हर्टरसाठी स्वतः बॅटरी पॅक बांधू पाहणारे बहुतेक जण सेल कोणते घ्यावेत, या प्रश्नापासून सुरुवात करतात. तो प्रश्न रास्तच आहे. परंतु चांगल्या सेलांचा पॅकही कच्च्या जोडणीमुळे धोकादायक ठरू शकतो आणि त्या जोडणीचा विचार मात्र सर्वांत शेवटी, वेल्डिंग मशीन हातात आल्यावर होतो. माझ्या मते जोडणी करणाऱ्याने कागदावर आधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात: प्रवाह कोठून जावा आणि कोठून तो कधीही जाता कामा नये. यांतील दुसरी गोष्ट अधिक निकडीची असल्यामुळे तिच्याविषयी आधी लिहितो.

१८६५० हा १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम-आयन सेल हाती घेतला, तर त्याचे वरचे बटण धन आणि तळ ऋण, इतके सर्वांना ठाऊक असते. पुष्कळांच्या लक्षात येत नाही ते असे की तळच नव्हे, तर संपूर्ण पोलादी डबी ऋण असते आणि ती डबी वरच्या बाजूला आत वळून बटणाच्या अगदी भोवती येऊन थांबते. त्या ऋण कडेत आणि धन बटणात जेमतेम काही मिलिमीटरांचे अंतर असते आणि कडेवर संरक्षण म्हणून केवळ पातळ प्लॅस्टिकचे वेष्टन असते. आपण बटणावर वेल्ड केलेली निकेलची पट्टी नेमकी त्या कडेवरूनच शेजारच्या सेलकडे जाते. वाहन खड्ड्यांतून धावू लागले की पट्टी कंपन पावते, वेष्टन झिजते आणि एके दिवशी पट्टी कडेला टेकते. सेलचा अंतर्गत रोध २५ ते ३० मिलिओहम धरला, तरी एका सेलमधून शंभराहून अधिक अँपिअर वाहू शकतात. पॅरललमधले, म्हणजे धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडून गट केलेले, बाकीचे सेलही त्यात भर घालतात. हे सर्व बीएमएसच्या, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवून गरज पडल्यास प्रवाह तोडणाऱ्या सर्किटच्या, अलीकडे घडत असल्याने बीएमएसला ते थांबवता येत नाही. म्हणून प्रत्येक धन टोकावर बार्ली पेपर या विद्युतरोधक कागदाची चिकट चकती लावणे मला अपरिहार्य वाटते. ती इतकी स्वस्त असते की तिच्यावर काटकसर करण्याचे काहीच कारण नाही.

डबी ऋण असण्याचा आणखी एक परिणाम आहे. सिरीजमधल्या, म्हणजे एकाचे धन दुसऱ्याच्या ऋणाला जोडलेल्या, शेजारच्या दोन गटांच्या डब्यांत एका सेलइतका, म्हणजे सुमारे ३.७ व्होल्टचा फरक असतो. परंतु जागेसाठी पॅकची रांग दुमडून परत आणली, तर पहिला आणि शेवटचा गट एकमेकांना खेटून येतात आणि तेरा गटांचा पॅक पूर्ण चार्ज असेल तर केवळ दोन वेष्टनांच्या आड पन्नास व्होल्टच्या आसपास फरक उभा राहतो. सेल एकमेकांना गोंदाने चिकटवून बांधलेले पॅक मी यासाठीच नापसंत करतो. प्लॅस्टिकचे होल्डर वापरले की अंतर कायम राहते आणि एखादा सेल तापला तर शेजाऱ्याला थोडा अवसरही मिळतो. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर इलेक्ट्रिक स्कूटरना लागलेल्या आगींनंतर एआयएस-१५६ हे अशा वाहनांच्या बॅटरीच्या सुरक्षिततेचे भारतीय मानक कडक झाले. १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालेल्या त्या सुधारणेत सेलांमध्ये पुरेसे अंतर राखण्याची अपेक्षा स्पष्ट लिहिलेली आहे. घरी बांधलेल्या पॅकची तपासणी कोणी करत नाही, एवढ्यावरून तेथील भौतिकशास्त्र बदलत नाही.

आता प्रवाहाच्या इष्ट वाटेकडे वळू. सेल पॅरललमध्ये जोडण्यापूर्वी सर्वांचे व्होल्टेज जुळलेले असावे. ३.६ व्होल्टच्या दहा सेलांच्या गटाला ४.२ व्होल्टचा एक सेल लावला, तर पहिल्या क्षणी त्यातून वीसेक अँपिअर बाहेर पडू शकतात. उलट रिकामा सेल भरलेल्या गटाला लावला तर तेवढाच प्रवाह त्याच्या आत शिरतो, आणि २६०० मिलिअँपिअर-तासांच्या सामान्य सेलला चार्जिंगसाठी दोन-अडीच अँपिअरच्या वर सोसवत नाही. दुसरी परिस्थिती अधिक वाईट.

सिरीजच्या पट्ट्यांबाबत मात्र थोडे थांबून हिशेब करायला हवा. १३ एस ४ पी पॅक घेऊ: सिरीजमध्ये तेरा गट, प्रत्येक गटात चार सेल, पूर्ण चार्ज झाल्यावर ५४.६ व्होल्ट. भार २० अँपिअरचा असेल, तर प्रत्येक सेलच्या वाट्याला पाच अँपिअर येतात. समोरासमोरच्या चारही जोड्यांना स्वतंत्र पट्टी दिली, तर प्रत्येक पट्टीतून पाचच अँपिअर जातात. पण सोय म्हणून गट आधी पॅरललमध्ये बांधून केवळ एका टोकाला पुढच्या गटाशी जोडला, तर त्या एकट्या तुकड्यातून पूर्ण २० अँपिअर जातात. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने चौपट प्रवाह म्हणजे सोळापट उष्णता. ०.१५ मिलिमीटर जाड आणि ८ मिलिमीटर रुंद शुद्ध निकेल पट्टीच्या दोन सेंटिमीटरांचा रोध सुमारे १.२ मिलिओहम भरतो. पाच अँपिअरला त्यात ०.०३ वॅट, तर वीस अँपिअरला जवळजवळ अर्धा वॅट जळतो, आणि तोही सेलच्या तोंडाशी. शिवाय टोकाकडचा सेल अधिक राबतो व लवकर थकतो.

बाजारात निकेल म्हणून निकेलचा मुलामा दिलेली पोलादी पट्टीही विकली जाते आणि तिचा रोध साधारण दुप्पट असतो. लोहचुंबकाने ती ओळखता येत नाही, कारण निकेललाही चुंबक चिकटतो. पट्टी घासून मिठाच्या पाण्यात ठेवली की पोलाद गंजू लागते आणि खरे काय ते कळते.

पट्टी जोडण्यासाठी स्पॉट वेल्डिंगच, म्हणजे क्षणभर मोठा प्रवाह सोडून ठिपक्यापुरता धातू सांधणे, वापरावे. सोल्डरिंगची इस्त्री काही सेकंद टेकवली तरी आतील विभाजक (धन आणि ऋण थर अलग ठेवणारा पातळ पडदा) आणि धन टोकाचे गॅस्केट (तोंड बंद ठेवणारी विद्युतरोधक कडी) यांना घातक ठरेल इतकी उष्णता आत जाऊ शकते. पॉलिइथिलीनचा विभाजक १३० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळू लागतो. स्पॉट वेल्ड काही मिलिसेकंदांत संपतो. वेल्ड पक्का आहे का, हे निकामी व पूर्ण रिकाम्या सेलवर आधी पाहावे: पट्टी उपटल्यावर वेल्डच्या जागी निकेलचे ठिपके डबीवर राहिले आणि पट्टीला भोके पडली, तर मशीनची मात्रा योग्य आहे.

टेस्लाच्या मॉडेल एसच्या ८५ किलोवॅट-तासांच्या पॅकमध्ये ९६ गट आणि प्रत्येक गटात ७४ असे ७१०४ सेल होते, आणि प्रत्येक सेल बारीक तारेने जोडलेला होता. सेल बिघडला की ती तार फ्यूजसारखी वितळते. चौऱ्याहत्तर सेलांत एक गेल्याने फारसे बिघडत नाही. चारांत एक गेला, तर उरलेल्या तिघांवरचा भार मुकाट्याने वाढतो. म्हणून लहान पॅकमध्ये ही युक्ती विचारपूर्वकच वापरावी.

तेरा गटांचे व्होल्टेज मोजणाऱ्या बीएमएसच्या चौदा बारीक तारा शेवटी लावाव्यात आणि प्लग खोचण्यापूर्वी एकेका पिनवरचे व्होल्टेज मल्टीमीटरने क्रमाने चढत जाते का ते पाहावे. त्या तारा निकेलच्या धारदार कडांवरून नेऊ नयेत. काम करताना अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र, घड्याळ उतरवून ठेवावे. साठ व्होल्टच्या खालचा पॅक झटका देण्याच्या दृष्टीने सौम्य असला, तरी धातूच्या अंगठीला लाल करण्यास एकच गट पुरेसा असतो.

पॅक तयार झाल्यावर पूर्ण भार देऊन प्रत्येक सिरीज जोडावरचे व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये मोजावे. भाराखाली एखादा गट खाली बसतो आणि चार्जिंगच्या वेळी तोच सर्वांच्या वर जातो, तेव्हा लोक सेलला दोष देतात. पण कच्चा जोडही अगदी हीच लक्षणे दाखवतो. वरच्या उदाहरणात पाच अँपिअरला सहा मिलिव्होल्टच्या आसपास फरक यायला हवा. एखाद्या जोडावर तीस-चाळीस मिलिव्होल्ट दिसले, तर भार काढून टाकावा, ती पट्टी सोडवावी आणि पृष्ठभाग स्वच्छ करून नव्या पट्टीने पुन्हा वेल्ड करावा.