बाण जिव्हारी लागतो म्हणजे कुठे लागतो

‘जिव्हारी लागणे’ हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहज करतो, की ते जिव्हार शरीरात नेमके कोठे असते हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर तीसेक वर्षे मी गायी-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्या तपासण्यात घालवली, तरी मलाही तो कधी पडला नव्हता, कारण माझे काम जनावर जगवण्याचे होते. तो प्रश्न माझ्यासमोर आणला माझ्या भाच्याने. हा मुलगा पुण्यात शिकून अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला गेला आणि तेथल्या सहकाऱ्यांच्या संगतीने धनुष्यबाणाने हरणाची शिकार करू लागला.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हा सरळ सरळ गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा असे माझे मत आहे. ब्रिटन आणि जर्मनी येथेही धनुष्याने शिकार करण्यास मनाई आहे. विस्कॉन्सिनमध्ये मात्र १९३४ पासून धनुर्धाऱ्यांसाठी हरणाच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम असतो, त्यासाठी परवाना काढावा लागतो आणि मारलेले हरीण बहुधा घरच्या फ्रीजरमध्ये जाते. शिकार करावी की न करावी या वादात मी येथे शिरत नाही. आमच्या घरात तो वाद रोज होतो आणि त्यात सौभाग्यवतींची बाजू वरचढ असते. करायचीच असेल तर बाण कोठे लागला पाहिजे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या अखेरीस पहाटे साडेचारला फोन वाजला. तिकडे संध्याकाळचे सहा वाजले होते आणि भाचा मचाणावरून उतरून बाणाजवळ उभा होता. “मामा, बाण बरोबर फऱ्यामागे लागलाय, आरपार गेलाय, पण हरीण पळालंच नाही. पाठ वाकवून चालत गेलं,” असे तो सांगत होता. फरा म्हणजे पुढच्या पायाच्या वरचे, खांद्याचे चपटे हाड. मी बाणाचा फोटो मागवला. पिसांना लागलेले रक्त गडद होते आणि त्यात हिरवट-करडा चोथा होता. वास घेऊन बघ म्हटल्यावर तो म्हणाला, गोठ्यासारखा येतो. मी त्याला सांगितले की एक पाऊलही पुढे टाकू नकोस, टॉर्च लावू नकोस, आवाज न करता आल्या वाटेने परत जा आणि उजाडल्यावर ये.

त्या रात्री तो झोपला नाही आणि पुण्यात माझाही दिवस तसाच गेला. सायंकाळी सहाच्या सुमारास त्याचा निरोप आला. ओढ्याकाठच्या उंच गवतात, बाण लागला तेथून दीडशे पावलांवर, हरीण मरून पडले होते. रात्रीच माग काढायला गेला असता, तर पोटात बाण लागलेले ते जनावर उठून कोठल्या कोठे गेले असते आणि कोणालाही न सापडता, पुढचे कित्येक तास तडफडून मेले असते.

त्याचे म्हणणे एका अर्थी खरे होते. फोटोत बाण शिरल्याची जखम फऱ्याच्या मागेच होती, सरावाच्या फोमच्या हरणावर वर्तुळ काढलेले असते अगदी तेथेच. हरीण मात्र त्याला पूर्ण आडवे उभे नव्हते, किंचित त्याच्या अंगावर तिरके, म्हणजे छाती थोडी त्याच्याकडे वळवून उभे होते. त्यामुळे जवळच्या फऱ्यामागे शिरलेला बाण एका फुफ्फुसाची मागची कड चाटून यकृतातून गेला आणि पलीकडच्या कुशीतून बाहेर पडताना कोटीपोट फाडून गेला. मटणाच्या दुकानात आपण ज्याला वजडी म्हणतो, ते हे पोट. रवंथ करणाऱ्या जनावराचा मधला सगळा भाग त्यानेच व्यापलेला असतो आणि त्याचा मोठा पसारा डाव्या बाजूला असतो. वर्तुळ कातडीवर होते. जिव्हार कातडीवर नसते.

येथे बाण आणि बंदुकीची गोळी यांतला फरक समजून घ्यावा लागतो. शिकारी रायफलच्या गोळीमागे इतकी ऊर्जा असते, की ती आसपासचे मांसही फोडते आणि हाड मोडते. बाणाच्या टोकाला वस्तऱ्यासारखी धारदार पाती असतात, तेथे ‘ब्रॉडहेड’ म्हणतात ती, आणि ही पाती जेथून जातात तेवढाच मार्ग कापतात. बाणाने मरणारे जनावर रक्तस्रावाने आणि फुफ्फुसे निकामी झाल्याने मरते. दोन्ही फुफ्फुसे किंवा हृदय कापले गेले तर ते काही सेकंदांत कोसळते, एकच फुफ्फुस कापले गेले तर ते मैलभर जाऊ शकते. म्हणून बाणाच्या बाबतीत ‘कोठे लागला’ या प्रश्नाला एक ठिपका हे उत्तर पुरत नाही, एक रेघ काढावी लागते, आणि त्या रेघेचे दुसरे टोक पलीकडच्या बाजूला असते.

मी त्याला कागदावर छातीचा पिंजरा काढून दिला. हरणाला आपल्या शेळीप्रमाणेच बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात आणि लोकांची समजूत असते की बरगड्या आहेत तोवर आत फुफ्फुसे आहेत. तसे नसते. छाती आणि पोट यांच्यामधले श्वासपटल सपाट पडद्यासारखे नसून घुमटासारखे पुढे आलेले असते, त्याचा माथा साधारण सहाव्या-सातव्या बरगडीपर्यंत पोहोचतो आणि त्या घुमटाखाली यकृत आणि कोटीपोट बसलेले असते. म्हणजे मागच्या बरगड्यांमध्ये, विशेषतः खालच्या अंगाला लागलेला बाण छातीत लागल्यासारखा दिसतो, पण लागतो पोटात. हृदय तर आणखी पुढे, तिसऱ्या ते सहाव्या बरगडीच्या दरम्यान, अगदी खाली, पुढच्या पायांच्या कोपरांच्या पातळीला असते.

मराठीत येथे आणखी एक घोटाळा आहे. कवितेत काळजात बाण घुसतो तेव्हा काळीज म्हणजे हृदय असते, पण रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा असलेला पुणेकर पावशेर काळीज मागतो तेव्हा त्याला यकृत मिळते. शिकाऱ्याच्या दृष्टीने या दोन काळजांत काही तासांचे अंतर आहे. हृदयात बाण लागला तर हरीण डोळ्यांदेखत पडते. यकृतात लागला तर ते मरते हे नक्की, पण तीन-चार तास त्याच्या मागे जायचे नसते.

नवशिक्याला सांगितले जाते, ‘पायाच्या मागे मार.’ हा सल्ला वाईट नाही, अपुरा आहे. हरणाचा फरा वरून खाली पुढच्या दिशेने उतरतो, खांद्याच्या सांध्यापाशी वळतो आणि तेथून दंडाचे हाड मागे कोपराकडे येते. या दोन हाडांचा कोन मागच्या बाजूला उघडतो, आणि फुफ्फुसांचा जाड भाग व हृदयाकडून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या त्या उघड्या कोनाच्या आसपास असतात. जनावर पूर्ण आडवे उभे असेल, तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर जावे आणि छातीच्या उंचीच्या खालच्या एक तृतीयांशावर थांबावे. भीतीपोटी पायापासून वीतभर मागे सरकणारा श्वासपटलाच्या पलीकडे जातो. जवळचा पाय पुढे टाकला जाईपर्यंत थांबता आले तर उत्तम, कारण त्या पावलासरशी दंडाचे स्नायू पुढे सरकतात आणि बरगड्या उघड्या पडतात. सगळे मिळून हे क्षेत्र केवढे, तर वीस ते पंचवीस सेंटीमीटर व्यासाचे, नाश्त्याच्या ताटलीएवढे.

वर मारण्याची चूक तर मागे मारण्यापेक्षाही फसवी असते. पाठीची कड दिसते तेथे कणा असतो असे वाटते, पण खांद्यांपाशी मणक्यांची उभी टोके बरीच उंच असतात आणि कणा स्वतः त्यांच्याखाली खोल बसलेला असतो. त्यामुळे ‘कण्याच्या खाली आणि फुफ्फुसांच्या वर बाण गेला’ असे जे शिकारी सांगतात, तशी पोकळी शरीरात नसते, फुफ्फुसे कण्याला भिडलेली असतात. तो बाण कण्याच्या वरून, नुसत्या मांसातून गेलेला असतो.

मचाणामुळे हिशेब आणखी बिघडतो. वीस फुटांवर बसलेल्या माणसाला वीस यार्डांवरचे हरीण सुमारे पंधरा-सोळा अंश खाली दिसते, दहा यार्डांवरचे तीस अंश आणि पाच यार्डांवरचे पंचेचाळीसहून अधिक. पंचेचाळीस अंशांत बाण शरीराच्या रुंदीइतका आडवा जाताना तेवढाच खालीही उतरतो. अशा वेळी आडव्या हरणाचा नेहमीचा ठिपका धरला, तर बाण जवळच्या फुफ्फुसातून जाऊन दुसऱ्याला न शिवता छातीखालून बाहेर पडतो. हरीण जितके जवळ तितका नेम सोपा, ही समजूत मचाणावर उलटी पडते.

दूर असण्याचाही प्रश्न आहेच. चांगल्या कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या बसवलेल्या, धनुष्याचा बाण सेकंदाला २८० फूट जातो असे धरले, तर वीस यार्ड जायला त्याला सुमारे ०.२१ सेकंद लागतात, पण दोरीचा आवाज ०.०५ सेकंदात पोहोचलेला असतो. चाळीस यार्डांवर हीच तफावत दुप्पट होते. दचकलेले हरीण उडी मारण्याआधी पाय दुमडून खाली दबते आणि फुफ्फुसांवर धरलेला बाण त्याच्या पाठीवरून जातो. म्हणून काही जण मुद्दाम खाली, हृदयावर नेम धरतात, म्हणजे दबले तर फुफ्फुसे आणि न दबले तर हृदय. पन्नास-साठ यार्डांवरून हरीण मारल्याच्या बढाया भाच्याने मला ऐकवल्या, तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगितले की मैदानावर साठ यार्डांवरून ताटली फुटणे आणि कान टवकारलेल्या जनावराने अर्धा सेकंद जागचे न हलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

त्या घटनेनंतर आम्ही एक पद्धत पाडून घेतली. हंगामाआधी तो मला जंगलातल्या कॅमेऱ्याने टिपलेली हरणांची चित्रे पाठवतो आणि मी त्याला बाण कोठून शिरावा ते सांगत नाही, कोठून निघावा ते विचारतो. माझाही सराव हवा म्हणून मी, बुधवार सोडून, कधी सकाळी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जातो आणि चितळ व सांबरांसमोर तासभर उभा राहतो. तेथला रखवालदार आता मला ओळखतो, माझ्या मनात काय चालले आहे ते त्याला कळले तर मात्र तो बहुधा मला आत सोडणार नाही.

उभे राहून पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. आपण जनावराचा कोन त्याच्या मानेवरून ठरवतो आणि मानेइतका खोटा साक्षीदार नाही. चितळ मागे वळून पाहते तेव्हा त्याचे अंग तुमच्याकडे तिरके आहे की पाठमोरे, हे मानेवरून कळतच नाही. पाय खरे बोलतात. पुढचे दोन्ही पाय सारखे टेकलेले असताना पलीकडचा पाय जवळच्या पायाच्या मागच्या बाजूला, छातीखाली दिसला, तर जनावर पाठमोरे तिरके आहे. पलीकडचा पाय पुढे दिसला आणि छातीचा दर्शनी भागही दिसू लागला, तर ते अंगावर तिरके आहे, आणि मग धनुष्य ताणलेले असले तरी दोरी हळूच परत सोडून वाट पाहायची. समोरून, मागून किंवा चालत असताना मारण्याचा विचारही करायचा नाही.

पाठमोरे तिरके हरीण मला सर्वांत चांगले वाटते, आडव्या हरणापेक्षाही. त्यात हाड आडवे येत नाही आणि जनावराचे डोळे दुसरीकडे असतात. पलीकडचा पुढचा पाय हेच लक्ष्य मानायचे आणि बाण त्याच्या कोपराच्या थोडा वरून बाहेर पडेल अशी रेघ मनात मागे ओढत आणायची, ती जवळच्या बाजूला जेथे येईल तेथे नेम धरायचा. ती जागा पुष्कळदा मागच्या बरगड्यांवर येते आणि नवशिक्याला ती चुकीची वाटते. रेघ बरगड्यांच्याही मागे, कुशीवर येऊ लागली, तर जनावर फार वळले आहे, सोडून द्यावे.

मधल्या हंगामात त्याने एकही बाण सोडला नाही. गेल्या नोव्हेंबरमध्ये त्याने पाठवलेल्या चित्रफितीत हरीण मागच्या पायांनी लाथ झाडून धावते आणि साठेक पावलांवर पडते. बाणावरचे रक्त गुलाबी आणि फेसाळ होते, तरी अर्धा तास थांबून मगच तो खाली उतरला. कातडे काढल्यावर त्याने छातीच्या दोन्ही बाजूंचे फोटो न सांगता पाठवले. मी चष्मा लावून बरगड्या मोजल्या. शिरताना नववी आणि दहावी यांच्यामधून, यकृताची कड घेऊन, आणि बाहेर पडताना चौथी, पलीकडच्या कोपराच्या तीन बोटे वर.