उन्हानं काढलेली कडुलिंबाची डहाळी

आज विदर्भाच्या उन्हाला कामाला लावलं, सायनोटाइप करायला, म्हणजे उन्हानं कागदावर निळा ठसा काढायला. रात्री अंधाऱ्या खोलीत फेरिक अमोनियम सायट्रेट अन् पोटॅशियम फेरिसायनाइडचं, उजेडानं रंग बदलणारं द्रावण ब्रशनं कागदावर लावून वाळत ठेवलं होतं. सकाळी अंगणात बाजेवर पाट, त्यावर कागद अन् कडुलिंबाची डहाळी. वाऱ्यानं डहाळी सरकली, पहिला कागद गेला! दुसऱ्या वेळी वरून जुन्या फोटोफ्रेमची काच दाबली.

पिवळट-हिरवा कागद पाहता पाहता राखाडी पडला. आठ मिनिटांनी पाणी भरलेल्या गंजात बुडवला. पिवळं पाणी सुटत गेलं अन् हळूहळू पांढरी डहाळी वर आली, पानांच्या करवतीसारख्या कडांसकट. भोवती गर्द निळं.

माय डोकावली. "काय करून राह्यला रे बाप्पा? नीळ टाकली का पाण्यात?"

तिला सांगितलं, ही १८४२ सालची इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलची रीत, नकाशांच्या ब्लूप्रिंटही अशाच निघायच्या. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईनं समुद्री शेवाळाचे असे ठसे काढायला घेतले. मायचं लक्ष हर्शेलकडे नव्हतंच. ओला कागद दोरीवर चिमट्यानं लावत म्हणाली, "माह्या तुळशीचा एक काढून दे. पण मंजिरी तोडू नको."