डेस्कवरचा ॲम्प : हेडफोन पण चालले पाहिजेत, स्पीकर पण (अपडेट)

टेबलावरच्या एकाच ॲम्पवर (ॲम्प्लिफायरवर) स्पीकर आणि हेडफोन दोन्ही कसे चालवायचे, या माझ्या आधीच्या पोस्टचं अपडेट जरा उशिराने टाकतोय, पण आता सांगण्यासारखं काहीतरी आहे. सेटअप तोच. साडेचार फुटी टेबल, दोन्ही टोकांना पाच इंची वूफरचे पॅसिव्ह (स्वतःचा ॲम्प नसलेले) बुकशेल्फ स्पीकर (६ ओम, ८६ डीबी), आणि रात्री दहानंतर हेडफोन, कारण पलीकडच्या खोलीत लेकीचा अभ्यास चालू असतो आणि मधली भिंत नावालाच भिंत आहे. हेडफोन दोन, सेनहायझरचा एचडी ६०० आणि हायफायमॅनचा सुंदारा. मागणी एवढीच की टेबलावर एकच डबा असावा, एकच व्हॉल्यूमचा नॉब असावा, आणि हेडफोन लावले म्हणून आवाजाची चव बदलू नये. ऐकायला साधं वाटतं ना? बाजारात बघायला लागलो की कळतं, स्पीकरचा ॲम्प बनवणाऱ्याने हेडफोनचं भोक नंतर आठवलं म्हणून पाडलेलं असतं, आणि हेडफोन ॲम्प बनवणाऱ्याला स्पीकरशी काही देणंघेणंच नसतं.

आधी वॅटचं भूत उतरवू. सध्या जे छोटे क्लास-डी (स्विचिंगवर चालणारे, कमी तापणारे ॲम्प) डबे येतात, फोसी, आयिमा वगैरे, त्यातल्या बऱ्याच जणांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३२५५ ही चिप असते, आणि तिच्या डेटाशीटमध्ये ४ ओमला दर चॅनल ३१५ वॅट लिहिलेत. पण ते १० टक्के डिस्टॉर्शनला (आवाजातल्या बिघाडाला), आणि तेही पन्नास व्होल्टच्या वरचा सप्लाय असेल तर. तुमच्या हातात येणारा ॲडॉप्टर जर ३२ व्होल्ट ५ ॲम्पियरचा असेल तर गुणाकार करा, १६० वॅट, दोन्ही चॅनल मिळून, आणि त्यातही थोडं उष्णतेत जाणार. डब्यावर काहीही छापलेलं असो, ॲडॉप्टरच्या विटेतून जेवढं येतं तेवढंच पुढे जातं. त्यामुळे जाहिरात बाजूला ठेवा आणि ॲडॉप्टरचं स्टिकर वाचा.

आणि मुळात एवढे वॅट हवेत कुणाला. टेबलावर कान स्पीकरपासून मीटरभर सुद्धा लांब नसतो. ८६ डीबीचा स्पीकर २.८३ व्होल्टला एक मीटरवर ८६ डीबी देतो, मी ऐकतो सरासरी ७०-७५ ला, वर गाण्यातल्या उसळीसाठी २० डीबी धरले तरी ९५, म्हणजे ९ डीबी जास्त, म्हणजे साधारण आठपट पॉवर. ६ ओमला २.८३ व्होल्ट म्हणजे सव्वा-दीड वॅट, गुणिले आठ, दहा-अकरा वॅट झाले, आणि दोन स्पीकर एकत्र वाजतात म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमीच. झालं. यापुढची प्रत्येक वॅट शेजाऱ्यांसाठी.

खरी परीक्षा हेडफोनची आहे आणि ती वॅटची नाहीच. एचडी ६०० (१९९७ पासून बनतोय, अजून बनतोय) ३०० ओमचा, १ व्होल्टला ९७ डीबी. ११० डीबीच्या शिखरापर्यंत जायचं तर १३ डीबी अजून, म्हणजे साधारण ४.५ व्होल्ट, पण करंट फक्त १५ मिलिॲम्पियर. सुंदारा ३७ ओमचा, १ मिलिवॅटला ९४ डीबी, त्याच ११० ला ४० मिलिवॅट, म्हणजे व्होल्टेज सव्वाच्या आसपास पण करंट ३३ मिलिॲम्पियर. एकाला व्होल्ट पाहिजे, दुसऱ्याला करंट. बिचाऱ्या लॅपटॉपच्या जॅकची दमछाक इथे होते, पण स्पीकर चालवणाऱ्या ॲम्पला दोन्ही म्हणजे किस झाड की पत्ती. मग अडतं कुठे? अडतं आवाज नसताना. सुरसुर आणि गुणगुण.

समजा ॲम्पच्या आऊटपुटला नुसताच ०.३ मिलिव्होल्ट नॉइज आहे. स्पीकरला त्याचं काही नाही, कान लावलात तरच कळेल. एचडी ६०० ला तो २६-२७ डीबी होतो, रात्रीच्या शांत खोलीत अगदी काठावर. आणि १ व्होल्टला ११५ डीबी देणारा एखादा इअरफोन लावला की तोच नॉइज ४४ डीबी, म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधीच मैफल. माझी टेस्ट साधी आहे, ख्यालाचं एखादं स्वच्छ रेकॉर्डिंग लावायचं, सुरुवातीचा नुसता तानपुरा ऐकायचा. आपल्याकडे लाईट ५० हर्ट्झची, रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतर) १०० हर्ट्झचा हम येतो, तो तानपुऱ्याच्या खर्जाच्या बाजूला असा काही जाऊन बसतो की वाटतं पाचवी तार आहे. जुनी टेपवरची रेकॉर्डिंग या कामाला घेऊ नका, टेपची स्वतःची सुरसुर सगळं झाकून टाकते.

आता माझ्या घरातला डबा. आत्याच्या मिस्टरांनी मस्कतहून आणलेला जपानी इंटिग्रेटेड ॲम्प (व्हॉल्यूम आणि पॉवर एकाच डब्यात), ८ ओमला ४० वॅट, क्लास एबी म्हणजे जुन्या पारंपरिक पद्धतीचा, पुढे जाड हेडफोन जॅक. वजन असं की उचलताना 'जय बजरंगबली' निघतंच. प्लग काढून, कॅपॅसिटर रिकामे व्हायला वेळ देऊन, झाकण उघडलं आणि जॅकच्या मागे बघितलं तर अपेक्षित तेच, प्रत्येक चॅनलला एकेक रेझिस्टर, नारिंगी, नारिंगी, तपकिरी, शेवटी सोनेरी पट्टा. ३३० ओम. म्हणजे वेगळा हेडफोन ॲम्प वगैरे काही नाही, स्पीकरचंच आऊटपुट एका रेझिस्टरमधून पुढे पाठवलंय. त्या काळात हीच पद्धत होती, स्वस्त आणि सुरक्षित, आणि १९९६ च्या आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकामध्येसुद्धा हेडफोनसाठी सोर्सचा इम्पेडन्स (सिग्नलला होणारा अडथळा, ओममध्ये मोजतात) १२० ओमच सुचवलेला होता, त्यामुळे जुन्या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण परिणाम काय होतो ते मजेशीर आहे. एचडी ६०० नावाला ३०० ओम, पण खाली १०० हर्ट्झच्या आसपास त्याचा इम्पेडन्स ५०० च्या वर चढतो. मागे ३३० ओम बसले की जिथे इम्पेडन्स जास्त तिथे जास्त व्होल्टेज मिळतं, हिशोब केला तर बास जवळपास २ डीबी फुगतो. काही लोकांना हेच 'व्हिंटेज वॉर्म्थ' म्हणून आवडतं, त्यांनी खुशाल ऐकावं, तबल्याचा बायाँ छान गुबगुबीत होतो हे मी पण मान्य करतो, पण मला तो नॉबने हवा तेव्हा हवाय, कायमचा नकोय. सुंदारा प्लेनर (गोल कॉइलऐवजी सपाट पडद्याचा), त्याचा इम्पेडन्स सपाट, त्यामुळे त्याची चव अजिबात बदलत नाही, फक्त आवाज २० डीबी पडतो. एकाच जॅकवर एक हेडफोन बदलतो, दुसरा नाही. कुणी म्हणालं 'अमुक ॲम्प वॉर्म आहे' तर पहिला प्रश्न विचारा, कोणत्या हेडफोनवर?

आठवा भाग असा एक नियम सगळे सांगतात, म्हणजे ॲम्पचा आऊटपुट इम्पेडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशापेक्षा कमी हवा. हा नियम आपल्या लोकांत रुजवला तो एनडब्ल्यूएव्हीगाय या निनावी इंजिनिअरने, त्याने २०११ मध्ये ओ२ हेडफोन ॲम्पचं डिझाइन खुलं करून टाकलं, आऊटपुट इम्पेडन्स साधारण अर्धा ओम, आणि २०१२ नंतर गडी जो गप्प झाला तो झालाच. त्या नियमाने एचडी ६०० ला ३७ ओमपर्यंत चालतं, सुंदाराला साडेचार.

तर मी केलं ते असं. ॲम्पच्या आतल्या जॅकला हातच लावला नाही, मागच्या स्पीकर टर्मिनलवरून बाहेर एक छोटी डबी केली. प्रत्येक चॅनलला प्लसवरून २२ ओम १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर, तो जॅकच्या टोकाला, आणि त्या टोकावरून निगेटिव्हकडे ४.७ ओम ५ वॅट. बस. पुण्यात तपकीर गल्लीत मिळून जातं, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच, आणि सगळं सामान वडापाव-चहाच्या बजेटमध्ये बसतं, महाग पडतो तो चांगला जॅक. याने सिग्नल १५ डीबी खाली येतो आणि त्याच्याबरोबर ॲम्पचा नॉइजही १५ डीबी खाली, हाच तर डाव आहे. हेडफोनला दिसणारा इम्पेडन्स २२ आणि ४.७ समांतर, म्हणजे ४ ओमच्या आत. दोन्ही हेडफोन नियमात बसले. ४० वॅटच्या ॲम्पचे जास्तीत जास्त १८ व्होल्ट धरले तर एचडी ६०० ला तीन व्होल्टच्या थोडं वर मिळतात, १०७ डीबीपर्यंत, माझ्या कानांना हे भरपूर झालं.

बोनस म्हणजे व्हॉल्यूम नॉब. आधी रात्री ऐकताना नॉब आठ वाजल्याच्या जागी असायचा आणि तिथे पॉटचे (नॉबमागच्या व्हॉल्यूम कंट्रोलचे) दोन ट्रॅक एकमेकांशी जुळत नाहीत, गायक डावीकडे सरकून बसायचा. आता नॉब साडेदहा-अकरावर असतो आणि गायक मधोमध. हे एवढं एक बघितलं तरी डबीचे पैसे वसूल.

सोल्डरिंग मात्र मन लावून करा, विशेषतः ४.७ चा जोड. तो सुटला तर बहुतेक व्होल्टेज हेडफोनला जातं आणि डोक्यावर असताना जातं. मी मल्टीमीटरने प्रत्येक जोड हलवून हलवून बघितला, मगच स्वस्तातला जुना हेडफोन लावला, मग सुंदारा. आणि ॲम्प चालू-बंद करताना हेडफोन काढलेला, रिले (आऊटपुट उशिरा जोडणारा स्विच) असला तरी. स्पीकर आणि डबी यांच्यामध्ये चार पोलचा एक टॉगल टाकलाय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे वाचल्याशिवाय कुणी वायर छिलायला घेऊ नका. ही डबी टीपीए३२५५ सारख्या क्लास-डी ॲम्पवर लावायची नाही. ते ब्रिज केलेले असतात, म्हणजे स्पीकरचं निगेटिव्ह हे ग्राउंड नसतं, तेही जिवंत असतं, दोन्ही टर्मिनलवर सप्लायच्या निम्मे, ३२ च्या ॲडॉप्टरला १६ व्होल्ट, डीसी बसलेले असतात. साध्या हेडफोन जॅकमध्ये डाव्या-उजव्याचे निगेटिव्ह एकत्र असतात, म्हणजे तुम्ही दोन चालू आऊटपुट एकमेकांना चिकटवताय. ओळखायचं कसं? ॲम्प बंद ठेवून डाव्या निगेटिव्हपासून उजव्या निगेटिव्हपर्यंत ओम मोजा, शून्याच्या जवळ आलं तर ग्राउंड सामायिक आहे. मग चालू करून निगेटिव्ह आणि आरसीएच्या (मागच्या इनपुट सॉकेटच्या) बाहेरच्या कड्यामध्ये डीसी मोजा. तिथे दहा-पंधरा व्होल्ट दिसले तर हात जोडून बाजूला व्हा. ब्रिजवाल्यावर हेडफोन लावणारे लोक चार वायरींचा बॅलन्स्ड एक्सएलआर प्लग (डाव्या-उजव्याचे निगेटिव्ह वेगळे ठेवणारा) वापरतात, हायफायमॅनच्या एचई-६ साठी स्पीकर टर्मिनल वापरायची पद्धत जुनीच आहे, त्याची सेन्सिटिव्हिटी ८३.५ डीबी, त्याला पर्याय नव्हता. आपल्याला ती वेळ आलेली नाही.

एक गोष्ट ॲम्पच्या माथी मारली जाते ती त्याची नसते. माउस फिरवला की कानात किर्रर्र, स्क्रोल केलं की सूर बदलतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, गेलं का? मग ते यूएसबीच्या ग्राउंडमधून येतंय, नवा ॲम्प आणून जाणार नाही. डॅकला (डिजिटलचा ॲनालॉग सिग्नल करणाऱ्या डब्याला) ऑप्टिकलने, म्हणजे प्रकाशाच्या केबलने, जोडलं की संपलं, प्रकाश ग्राउंड वाहून नेत नाही. माझ्याकडे तेवढंच केलं.

ज्यांच्या घरात असं जुनं धूड नाही आणि ज्यांना नवंच घ्यायचंय त्यांना माझं मत. एकाच डब्याचा हट्ट असेल तर हेडफोन आऊटपुट कसं काढलंय हे आधी शोधा. इमोटिव्हाच्या बासएक्स ए-१०० मध्ये आत जंपर (जोडणी बदलायच्या छोट्या पिना) आहेत, ते बदलले की मधले रेझिस्टर वगळून स्पीकरची पूर्ण ताकद हेडफोनच्या जॅकवर येते. विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे, पण इअरफोनवाल्यांनी तिकडे फिरकू नये. शीटचा राग्नारोक पहिल्यापासून दोन्ही कामांसाठीच बनवलेला, फक्त खिसा आणि टेबल दोन्ही मोठं लागतं. बाकी बहुतेकांना मी दोन डबेच सांगेन, फियो के७ सारखा डॅक-हेडफोन ॲम्प ज्याच्या मागे प्रीआऊट (व्हॉल्यूम लावून दुसऱ्या ॲम्पला सिग्नल देणारं आऊटपुट) आहे, आणि त्याच्यामागे टेबलाखाली चिकटवून टाकलेला छोटा क्लास-डी, त्याचा नॉब एकदा सेट करून विसरून जायचा. हातात नॉब एकच राहतो, समोर डबा एकच दिसतो. क्लास-डी घेताना पीएफएफबी आहे का बघा, म्हणजे फिल्टरच्या नंतरून फीडबॅक घेतलेला, नाहीतर वरच्या टोकाचा आवाज स्पीकरच्या इम्पेडन्सप्रमाणे हलतो. परदेशातून मागवणार असाल तर कस्टम्स आणि जीएसटी धरून किंमत काढा, आणि वॉरंटीसाठी डबा परत कुठे पाठवायचा ते आधीच विचारून ठेवा.

माझ्या डबीचं राहिलेलं काम म्हणजे प्लॅस्टिकऐवजी पत्र्याची पेटी, आणि ४.७ च्या जागी ३.३ ओम लावून बघायचंय, त्याने अजून अडीच डीबी खाली येईल आणि इम्पेडन्स ३ च्या आत. एचडी ६०० ला मग आवाज पुरतो का हाच प्रश्न आहे. कुणी मल्टी-ड्रायव्हर (एका कानात अनेक छोटे स्पीकर असलेला) इअरफोन असल्या डबीवर लावून बघितला असेल तर कसा वाजला ते नक्की लिहा, माझ्याकडे तसला एकही नाही.