एडिटर लावायचा म्हणजे आधी बटणं कमी करायची

‘तिथे टेक्स्टबॉक्स आहे ना, त्यात जरा बोल्ड-बिल्ड येऊ दे.’ आमच्या ॲपमध्ये रिच टेक्स्ट एडिटर, म्हणजे ठळक, यादी, दुवा वगैरे करता येणारी लिहायची चौकट, आला तो या एका वाक्यातून. ॲप साधं आहे. सपोर्टची मंडळी त्यात मदतीचे लेख लिहितात आणि ते ग्राहकांना दुसऱ्या पानावर दिसतात. इतके दिवस टेक्स्टएरियावर, म्हणजे साध्या मजकुराच्या चौकटीवर, भागत होतं. शब्द ठळक हवा असेल तर लोक त्याच्या दोन्ही बाजूंना चांदण्या टाकायचे आणि चांदण्याच छापून यायच्या.

तसं बोल्ड-बिल्ड ब्राउझरला फार पूर्वीपासून येतं. कुठल्याही डिव्हला, म्हणजे पानावरच्या चौकोनाला, कंटेंटएडिटेबल हा गुणधर्म लावा, लगेच लिहिता येतं. इंटरनेट एक्स्प्लोरर ५.५ मध्ये, म्हणजे २००० साली आलेली ही सोय. एक्झेककमांड या ब्राउझरच्या फंक्शनला ‘बोल्ड’ सांगितलं की निवडलेला मजकूर ठळक. डेमो झकास होतो. पण एंटर दाबल्यावर डिव्ह तयार होणार, पी (परिच्छेद) होणार की नुसता बीआर (ओळ मोडणारा टॅग) पडणार, हे वर्षानुवर्षं ज्या त्या ब्राउझरने आपापल्या मर्जीने ठरवलं. एक्झेककमांडवर आता ‘वापरू नका’ असा शिक्का आहे, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलेलं नाही, म्हणून ते काढताही येत नाही. गूगल डॉक्सने तर २०१० मध्येच कंटेंटएडिटेबल सोडून स्वतःची व्यवस्था उभी केली. तेवढी फौज आपल्याकडे नसते, तेव्हा लायब्ररी, म्हणजे कोणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड, घ्यायची.

लायब्ररी निवडताना सगळे टूलबार बघतात. मी एकच गोष्ट बघतो: सेव्ह केल्यावर डेटाबेसमध्ये काय जाऊन पडणार? क्विल आपला मजकूर डेल्टा नावाच्या स्वरूपात ठेवतं. कुठला तुकडा घातला आणि त्याला काय गुणधर्म, अशी सपाट यादी. छोट्या कॉमेंट बॉक्सला उत्तम. मेटाने २०२२ मध्ये खुलं केलेलं लेक्सिकलही चांगलं आहे. मी घेतलं टिपटॅप, खरं तर त्याच्या पोटातलं प्रोझमिरर. कारण त्यात आधी स्कीमा लिहावी लागते: या दस्तऐवजात परिच्छेद, यादी, दुवा आणि चित्र असेल, मथळे फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीचे. पहिल्या पातळीचा मथळा पानाच्या शीर्षकाला आधीच दिलेला आहे, तो लेखकाच्या हाती कशाला? स्कीमात जे नाही ते दस्तऐवजात शिरूच शकत नाही.

या कडकपणाची किंमत पेस्ट करताना कळते. माणसं आपल्या एडिटरमध्ये लिहीत नाहीत, दुसरीकडे लिहून इथे आणून ओततात. वर्डमधून आलेल्या परिच्छेदासोबत एमएसओने सुरू होणाऱ्या स्टाइल्सचा, चमत्कारिक टॅग्सचा आणि कॉमेंट्सचा अख्खा लवाजमा येतो. गूगल डॉक्स तर सगळा मजकूर एका बी, म्हणजे ठळक करणाऱ्या, टॅगमध्ये गुंडाळून देतं आणि त्याच टॅगवर फाँट-वेट नॉर्मल, म्हणजे ‘ठळक नको’, लिहून ठेवतं! भोळा एडिटर ते बघून सगळा लेख ठळक करतो. प्रोझमिररच्या मूळ स्कीमात या एका विचित्रपणासाठी खास नियम लिहिलेला आहे; तो वाचला आणि लायब्ररीवर माझा विश्वास बसला. चित्रांचं मात्र आपल्यालाच बघावं लागतं. पेस्ट केलेलं चित्र बेस६४ करून, म्हणजे अक्षरांत बदलून, मजकुरातच कोंबलं तर ते मूळ फाइलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने फुगतं आणि प्रत्येक सेव्हबरोबर सर्व्हरला जा-ये करतं. पेस्ट अडवून फाइल वेगळी अपलोड करायची आणि दस्तऐवजात फक्त पत्ता ठेवायचा.

रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत बसवताना एकच पथ्य: एडिटरला इनपुटसारखं स्टेटच्या (ॲपने जपलेल्या मूल्याच्या) दोरीने बांधू नका. प्रत्येक अक्षरागणिक मजकूर पुन्हा आत भरलात तर कर्सर उड्या मारतो. सुरुवातीचा मजकूर एकदा द्यायचा, पुढे फक्त बदल ऐकायचे. आणि टूलबारचं बटण फॉर्ममध्ये असेल तर त्याचा टाइप ‘button’ असा स्पष्ट लिहा, नाहीतर कोणी ठळक करायला जातं आणि फॉर्म सबमिट होतो.

देवनागरी लिहिणाऱ्यांसाठी थोडं जास्त. इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करताना शब्द पूर्ण होईपर्यंत ब्राउझरचं कंपोझिशन, म्हणजे अक्षरांची जुळवाजुळव, चालू असतं. तेवढ्यात आपल्या कोडने डॉमला, म्हणजे ब्राउझरमधल्या पानाच्या घटकांना, हात लावला की अक्षरं दुप्पट होतात किंवा गायब. अँड्रॉइडच्या कीबोर्डवर कीडाउनमध्ये, म्हणजे की दाबल्याच्या इव्हेंटमध्ये, बहुतेक वेळा खरी की मिळतच नाही, २२९ हा आकडा मिळतो. त्यामुळे ‘तिरकी रेघ दाबली की मेनू उघडा’ अशा युक्त्या कीडाउनवर बांधू नयेत. शिवाय अदृश्य अक्षरं साफ करणारं एक रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात शोधायचा नमुना) सगळीकडे फिरतं, ते झीरो विड्थ जॉइनर हे जोडणारं अदृश्य अक्षरही उडवतं. काही कीबोर्ड ‘दऱ्या’मधला र त्या जॉइनरच्या मदतीनेच लिहितात. तो गेला की डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो. ते रेग्युलर एक्स्प्रेशन मी आमच्या कोडमध्ये येऊ दिलं नाही.

आता साठवण. मी जेसन, म्हणजे डेटा लिहायचा एक मांडणीबद्ध प्रकार, साठवतो, एचटीएमएल नाही. उद्या पानाची रचना बदलली, मोबाइल ॲप आलं, तरी त्याच जेसनमधून हवं ते काढता येतं. पण एडिटरमध्ये स्कीमा आहे म्हणून सर्व्हरने डोळे मिटायचे नसतात. ब्राउझर बाजूला ठेवून कोणीही थेट एपीआयला, म्हणजे सर्व्हरच्या दाराशी, काहीही पाठवू शकतं. प्रोझमिररची सोय अशी की तीच स्कीमा नोड.जेएसवर, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टवर, चालते: आलेलं जेसन तिच्यातून वाचायचं, चेक करायचं, चूक निघाली तर परत पाठवायचं. एवढ्यावरही दुव्याच्या पत्त्यात जावास्क्रिप्ट लपून येऊ शकतं, कारण स्कीमाला साच्याची फिकीर, पत्त्याच्या आतलं ती आपण सांगितल्याशिवाय बघत नाही. म्हणून दुव्यांना एचटीटीपीएस आणि मेलटू (ईमेलचा दुवा) एवढीच परवानगी, आणि बाहेर पडणारं एचटीएमएल डॉमप्युरिफाय या धोकादायक कोड काढणाऱ्या लायब्ररीतून गाळलेलं.

एडिटर सुरू झाल्यावर पहिली मागणी आली ती अक्षरांच्या रंगाची. मी नाही म्हटलं. कोणी पांढऱ्यावर पिवळं लिहिणार, कोणी दुव्याचाच निळा वापरणार, आणि डार्क मोडमध्ये हिशेब पुन्हा बदलणार. ‘रंग कशाला हवाय?’ असं विचारल्यावर कळलं की लोकांना ‘हे आधी वाचा’ एवढंच सांगायचं होतं. त्यासाठी स्कीमात ‘सूचना’ नावाचा एक नोड, म्हणजे मजकुराचा घटक, वाढवला: साधी आणि धोक्याची, असे दोन प्रकार, रंग सीएसएसच्या (पानाच्या सजावटीच्या कोडच्या) ताब्यात. टूलबारवर त्याचं एक बटण आलं. त्याच दिवशी अधोरेखनाचं काढून टाकलं, कारण लोक अधोरेखित शब्दांना दुवा समजून क्लिक करत बसले असते.